दक्षिण बजरंगे आणि बूधन थिएटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सोलापुरात कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन ‘बूधन’ या नाटकाचं अभिवाचन करतो. वाचन संपलं की चहा येतो आणि प्रश्न सुरू होतात. ते जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हा माणूस आणि त्याचं काम मराठी वाचकापर्यंत पोचावं, असं मला मनापासून वाटतं.

दक्षिण बजरंगे कोण?

अहमदाबादच्या छारानगरात वाढलेले नाटककार, दिग्दर्शक आणि चित्रपटकार. स्वतःच्या नावापुढे ते अनेकदा ‘छारा’ लावतात. ज्या शब्दावरून पोलीस चौकीत शिव्या बसायच्या, तोच शब्द त्यांनी नाव म्हणून मिरवला. १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या बूधन थिएटरचे ते संस्थापकांपैकी आहेत. नंतर त्यांनी माहितीपट केले आणि २०१७ मध्ये ‘समीर’ हा हिंदी चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला.

छारा म्हणजे नेमके कोण?

सांसी, कंजार, कंजारभाट यांच्याशी नातं असलेला, एके काळी भटका असलेला समाज. घरात बोलायची भाषा भांतू. इंद्रेकर, गागडेकर, गारंगे, तमायचे ही त्यांची आडनावं ऐकली की मराठी माणसाला ती आपलीच वाटतात. पुण्या-कोल्हापूरकडच्या कंजारभाट वस्त्यांमध्ये अशीच आडनावं सापडतात. समाज एकच, मधे राज्याची सीमा आली एवढंच.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्या माणसानं गुन्हा केला का, हे त्यात पाहायचंच नव्हतं. अमुक जमातीत जन्मला, म्हणजे गुन्हेगार. नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. पुढे या लोकांना तारेच्या कुंपणात कोंडून ‘सेटलमेंट’ वसवल्या. अहमदाबादेत नरोड्याजवळ तशी एक सेटलमेंट होती. तिथल्या लोकांची पुढची वस्ती म्हणजे कुबेरनगरला लागून असलेलं छारानगर. कापडगिरण्यांत काही हात लागले, पण नावावरचा शिक्का कायम राहिल्यामुळे बाकीच्यांना काम कोण देणार? मग चोरी आणि हातभट्टी. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे हातभट्टी म्हणजे पोलिसांची रोजची ये-जा, हप्ता आणि मार. वस्तीतले लोक यातलं काही लपवत नाहीत. बूधन थिएटरच्या नाटकांतूनच ते उघडपणे येतं.

पण हे आदिवासी आहेत का? की भटके-विमुक्त?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न पडणारच, कारण आपल्याकडे अनुसूचित जमाती वेगळ्या आणि विमुक्त जाती वेगळ्या. कंजारभाट आपल्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. सांसी उत्तरेकडच्या अनेक राज्यांत अनुसूचित जातींत मोडतात. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, आणि त्यांच्यावरही हाच गुन्हेगारीचा शिक्का होता. एकाच इतिहासाचे हे सरकारी कप्पे आहेत. ज्याच्यावरून नाटकाला नाव मिळालं तो बूधन ज्यांच्यात जन्मला, ते बंगालचे खेडिया शबर अनुसूचित जमातीचेच आहेत. म्हणून बजरंगे यांचं काम समजून घ्यायचं तर यादीपेक्षा १८७१ हे साल जास्त उपयोगी पडतं.

‘बूधन’ हे नाव कुणाचं?

बूधन शबर. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला मजूर. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो बायकोबरोबर, श्यामलीबरोबर निघाला होता. वाटेत पानाच्या टपरीवर थांबला आणि तिथून बडाबाजार ठाण्याच्या पोलिसांनी त्याला उचललं. काही दिवसांनी कोठडीत तो मेला. त्यानं गळफास घेतला, असं सांगण्यात आलं.

यानंतरची गोष्ट मी मुलांना नेहमी सावकाश सांगतो. प्रेत ताब्यात आल्यावर ते लगेच जाळून टाकण्याचा दबाव होता. शबरांनी चिता पेटवली, पण तिच्यावर ठेवला तो पुतळा. बूधनचा देह त्यांनी पुरून ठेवला. न्यायालयाच्या आदेशावरून जेव्हा दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं, तेव्हा तो देह पुरावा म्हणून हाताशी होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांना आपल्या माणसाचं मढं सांभाळून न्याय मागायचं सुचलं. बंगाली लेखिका महाश्वेता देवी ज्या संघटनेबरोबर काम करत होत्या, त्या शबर कल्याण समितीनं कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी न्यायालयानं नुकसानभरपाईचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला.

पुरुलियाच्या माणसावर अहमदाबादच्या मुलांनी नाटक का केलं?

मार्च १९९८ मध्ये महाश्वेता देवी व्याख्यानासाठी बडोद्याला आल्या होत्या. तिथे त्या, भाषाअभ्यासक गणेश देवी आणि ‘उचल्या’ लिहिणारे आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक कृती गट स्थापन केला. गणेश देवी मूळचे पुणे जिल्ह्यातल्या भोरचे. बडोद्याची ‘भाषा’ ही संशोधन संस्था त्यांनी उभी केली. ही मंडळी छारानगरात गेली. तिथल्या तरुणांशी बोलणं झालं आणि वस्तीत एक वाचनालय सुरू झालं. ते आजही वस्तीचा कणा आहे. पोरं तिथे बसायला लागली, आणि त्या बसण्यातूनच नाटक आलं.

बूधनची हकिगत वस्तीत कुणाला समजावून सांगावी लागली नाही. नाव वेगळं, गाव वेगळं, भाषा वेगळी. ठाणं मात्र ओळखीचं. बजरंगे यांनी ‘बूधन’ लिहिलं आणि ३१ ऑगस्ट १९९८ ला छारानगरात त्याचा पहिला प्रयोग झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९५२ मध्ये याच दिवशी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

प्रयोगात दिसतं तरी काय?

थाटमाट काही नाही. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. मोकळी जागा आणि तिच्याभोवती उभे प्रेक्षक. नटांची शरीरं हीच सगळी सामग्री. टपरी, रस्ता, कोठडी हे सगळं माणसांतूनच उभं राहतं आणि माणसांतच विरघळतं. भाषा हिंदी आहे, कारण नाटक वस्तीबाहेरच्यांना ऐकवायचं होतं. मार खाणारा आणि मारणारा दोघेही छाराच असतात, आणि दोघांनीही मार जवळून पाहिलेला असतो. शेवटी नट प्रेक्षकांकडे वळतात आणि विचारतात, आम्ही या देशाचे दुय्यम नागरिक आहोत का? त्यावर टाळी वाजवायला हात उचलत नाही.

हे मी वाचून होतो, पण मला ते खरं कळलं आमच्याच एका तालमीत. पारधी समाजातला एक मुलगा वाचनाला आला होता. हवालदाराचं काम त्याच्याकडे आलं. पहिल्या वाचनात तो अडखळत होता. दुसऱ्या वेळी त्यानं वही खाली ठेवली आणि म्हणाला, “सर, हे असं नसतंय. आधी नाव नाही विचारत. आधी हसतेत. मग कुठला म्हणून विचारतेत. मग जात.” त्यानं ते हसून दाखवलं. बाकीच्या पोरांच्या हातातले कागद तसेच राहिले. त्याच्याहून वयानं दुप्पट असलेल्या मलाही त्या हसण्याकडे बघवेना. तेव्हापासून आमच्या वाचनात हवालदार आधी हसतो.

छारा मुलांना अभिनय उपजत येतो म्हणतात, ते खरं?

बूधन थिएटरचे लोक स्वतः असं म्हणतात. त्यामागे कारण आहे. भटकंतीच्या काळात गाणं, कसरती, खेळ करून पोट भरणारी ही माणसं. पुढे चोरी हाही एका अर्थानं अभिनय झाला. समोरच्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं, ग्राहक बनायचं, पकडलं गेलं तर रडायचं. तेच अंग आणि तीच नजर नाटकात लागते.

मला मात्र यातल्या ‘उपजत’ या शब्दाची भीती वाटते. उपजत गुन्हेगार म्हणणाऱ्या कायद्यानं यांचं वाटोळं केलं, आता आपण कौतुकानं उपजत कलावंत म्हणून मोकळे होणार का? या मुलांनी वर्षानुवर्षं वाचनालयात तालमी केल्या, परदेशी नाटकं बसवली, चुकली, पुन्हा केली. काही राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत गेली. कष्टाचं श्रेय कष्टालाच द्यायला हवं.

महाराष्ट्राचा यात संबंध काय?

फार जवळचा, आणि मान खाली घालायला लावणारा. जून १९९८ मध्ये, म्हणजे बूधननंतर चारच महिन्यांनी, बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. छारानगरच्या पोरांनी त्याच्यावर नाटक केलं, ‘पिन्या हरि काले की मौत’. बारामतीच्या माणसाचं मरण अहमदाबादच्या गल्लीत उभं राहिलं. मराठी रंगभूमीचा आपल्याला एवढा अभिमान. त्या साली पिन्या काळे हे नाव आपल्यातल्या किती जणांच्या कानावर आलं?

दुसरा संबंध आमच्या सोलापूरचा. इथे इंग्रजांच्या काळात मोठी सेटलमेंट होती आणि त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’च म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. लहानपणापासून मी हा शब्द ऐकत आलो, पण त्याचा अर्थ कुंपण असा आहे हे मला कॉलेज संपल्यावर कळलं, आणि तेही नाटकामुळे.

एकच एक विषय? सगळी नाटकं पोलिसांवरच?

नाही. झोपड्या पाडण्यावर ‘बुलडोझर’ आहे, बनावट चकमकींवर ‘एन्काउंटर’ आहे. परकीय नाटकांची रूपांतरंही झाली.

आणखी एक नाटक आहे, त्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. २००२ च्या दंगलीनंतर या मंडळींनी धर्माच्या नावावर होणाऱ्या वैरावर नाटक केलं. त्या दंगलीत जिथे मुस्लिमांचं हत्याकांड झालं, त्या नरोडा पाटियाच्या छारानगर अगदी जवळ आहे. त्या हत्याकांडात न्यायालयानं दोषी ठरवलेल्यांमध्ये छारा समाजातलेही काही होते. स्वतः पिढ्यान् पिढ्या मार खाल्लेल्या वस्तीतून काही हात दुसऱ्याला मारायला उठले. अशा वेळी वस्तीतच राहून तिच्या तोंडावर तसं नाटक करणं हे पोलिसांविरुद्ध नाटक करण्यापेक्षा अवघड. ठाण्याशी भांडून माणूस घरी येतो. घरच्यांशी भांडून कुठे जायचं?

नाटक सोडून ते सिनेमाकडे का गेले?

सोडलं नाही. दोन्ही एकमेकांच्या आधारानं चाललं. नाटकाला वस्तीचा चौक लागतो, नटांचा एकत्र वेळ लागतो, आणि प्रयोग संपला की तो तिथेच संपतो. कॅमेरा जिथे नाटक पोचत नाही तिथे जातो, आणि पुरावा म्हणून उरतो. बजरंगे यांनी गुजरातेतल्या मदाऱ्यांवर माहितीपट केला. वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पाळायला मनाई केली, साप वाचले ते बरंच झालं. पण साप खेळवणाऱ्या माणसाचं पुढे काय, हे कुणी पाहिलं नाही. कच्छच्या छोट्या रणातल्या मीठ पिकवणाऱ्या अगरियांवरही त्यांनी माहितीपट केला. ज्यांच्या धंद्यावर कायदा, बाजार किंवा पाणी उलटलं अशी ही माणसं. कॅमेरा त्यांच्यामागे गेला, तो वाट चुकून गेला नाही.

ब्रिटनमध्ये शिकले ते कुठे, काय?

फोर्ड फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर लीड्स विद्यापीठात, नाटक आणि विकास या विषयात. शिकून झाल्यावर ते छारानगरला परत आले.

‘समीर’मध्ये छारा नाहीत. मग तो त्यांच्या कामात कुठे बसतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. ‘समीर’ सप्टेंबर २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. मोहम्मद झीशान अय्यूब, आपल्या नाशिकची अंजली पाटील, सीमा बिस्वास, सुब्रत दत्ता अशी नटमंडळी. गोष्ट बॉम्बस्फोटानंतरची. एका मुस्लिम तरुणाला पोलीस उचलतात, कारण संशयित त्याचा खोलीतला सोबती होता. मग त्याच तरुणाला खबरी करून अहमदाबादेत पाठवलं जातं. सेन्सॉर बोर्डानं एका संवादातल्या ‘मन की बात’ या शब्दांवर आक्षेप घेतला, त्यामुळे वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती त्याचीच. सिनेमाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

मला त्यात ‘बूधन’ दिसतो. पानाच्या टपरीवर थांबलेला माणूस आणि चुकीच्या खोलीत राहिलेला विद्यार्थी, दोघांना एकाच कारणानं उचललं जातं. काय केलं हे महत्त्वाचं नाही, कुठल्या घरात जन्मला हे महत्त्वाचं. आपल्या जमातीच्या वाट्याला आलेला संशय बजरंगे यांनी दुसऱ्या समाजाच्या माणसावर पडताना ओळखला, आणि त्यावर सिनेमा काढला. नरोडा पाटियाशेजारी वाढलेल्या छारा माणसानं तो काढला, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. पटकथेचा शेवटाकडचा भाग मला घट्ट वाटत नाही, रहस्याच्या ओढीत माणसं मागे पडतात. तरीही हा चित्रपट आवर्जून पाहावा.

‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा त्यांचाच ना?

नाही, हा गोंधळ नेहमी होतो. २०११ चा हा माहितीपट शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन या जोडीचा. त्यात बूधन थिएटर आणि छारा कुटुंबं हा विषय आहे, बजरंगेही दिसतात. या कामाची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात इथूनच करावी. नाटकाचे तुकडे आणि घरातलं जगणं शेजारीशेजारी दिसतं.

अशा कामावर पोट भरतं का?

चौकातल्या नाटकाला तिकीट नसतं. बूधन थिएटरचे बहुतेक लोक दुसरं काहीतरी करून नाटक करतात. कुणी पत्रकार झालं, कुणी वकील, कुणी गुजराती सिनेमात काम करतं. माझ्या दृष्टीनं बजरंगे यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी कमाई हीच आहे. चोराची वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी एक पिढी ‘तू काय करतोस?’ या प्रश्नाला ‘नाटक’ असं उत्तर देत मोठी झाली.

नाटकानं खरंच काही बदललं का? पोलीस सुधारले?

खोटं सांगत नाही. जुलै २०१८ मध्ये, म्हणजे बूधन थिएटरला वीस वर्षं होत आली असताना, दारूच्या छाप्यावरून वाद झाला आणि रात्री मोठा पोलीस फौजफाटा छारानगरात घुसला. घराघरांत शिरून मारहाण झाल्याच्या, गाड्या फोडल्याच्या तक्रारी लोकांनी केल्या. बऱ्याच जणांना अटक झाली. वकील, पत्रकार, नट, कुणी सुटलं नाही.

फरक त्यानंतर दिसला. पूर्वी अशा रात्रीनंतर वस्ती दारं लावून बसायची. या वेळी लोकांनी जखमांचे फोटो काढले, तक्रारी लिहिल्या, पत्रकारांना घरं दाखवली आणि शांततेत मोर्चा काढला. तक्रार लिहायला बाहेरून कुणाला बोलवावं लागलं नाही.

कायदा १९५२ मध्ये गेला. मग आता अडचण काय उरली?

तो गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि त्यांचा वापर बहुतेक याच लोकांवर झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंग नियमांवर कडक ताशेरे ओढले. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं. दरम्यान केंद्र सरकारनं नेमलेल्या दोन आयोगांचे अहवाल येऊन पडले आहेत. एक २००८ चा बाळकृष्ण रेणके यांचा, दुसरा २०१८ चा भिकू इदाते यांचा. दोघेही महाराष्ट्रातले. अहवाल वाचायला मोठे आहेत, पण निदान शिफारशींची पानं वाचावीत.

आम्हाला ‘बूधन’ मराठीत करायचं आहे. काय करावं?

आधी बूधन थिएटरची परवानगी घ्या. पथनाट्य आहे म्हणून कुणाचंच नाही, असं समजू नका. मग भाषांतर करताना प्रमाण मराठीत गुळगुळीत करू नका. आम्ही पहिल्या वर्षी ती चूक केली. श्यामली पुण्याच्या बाईसारखी बोलायला लागली आणि नाटक मेलं. दुसऱ्या वर्षी सेटलमेंटमधल्या एका आजींना बसवून प्रत्येक वाक्य विचारलं, “आजी, तुम्ही हे कसं म्हणाल?” अर्ध्याहून जास्त वाक्यं त्यांनी निम्म्यावर आणली. तीन ठिकाणी त्या म्हणाल्या, “इथं काय बोलायचं? इथं गप बसायचं.” तिथे आम्ही वाक्यं काढून टाकली. ते तीन क्षण आता आमच्या प्रयोगात नुसते गप्प असतात, आणि त्या वेळी हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो.

पुढचं वाचन कधी?

३१ ऑगस्टला, दर वर्षीसारखं. हवालदाराचं काम या वर्षीही तोच मुलगा करणार आहे. आता तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.